सोंग कोणाचें?

सोंग ह्या शब्दास आमच्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा उरलेली नाहीं. झोपेचें सोंग, आजाराचें सोंग, वेडाचें सोंग असे त्याचे प्रयोग आपण नित्य करतों, आणि सगळीं सोंगें आणतां येतात पण पैशाचें आणतां येत नाहीं, ही म्हण तर ज्याची त्याला अनुभवानेंच पटलेली असते. संस्कृत ‘स्वांग’ ह्या शब्दाच्या वंशांतला हा शब्द खोटेपणाच्या पंक्तीस कसा जाऊन बसला, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय होईल. आज आम्हांस शब्दाची कुळकथा सांगावयाची नसून सोंगांचीच सांगावयाची आहे. आणि तीहि सगळ्या महाराष्ट्रांतल्या सोंगांची नव्हे, तर मुख्यतः एका घरांतल्या सोंगांची. निमित्त मात्र एका परक्या सणाचें झालें.

गेलीं कांहीं वर्षें आमचें वास्तव्य मोशी येथें आहे. हें गांव पुणें-नाशिक रस्त्यावर, इंद्रायणीच्या दक्षिणेस आहे. देहूहून आळंदीस जाणारा रस्ता येथेंच त्या मोठ्या रस्त्यास छेदतो; म्हणजे एका चौकांत उभें राहिलें असतां डाव्या-उजव्या हातांस तुकोबा आणि ज्ञानोबा, व पुढें चाकणचे कारखाने, असा योग जुळून येतो. ग्रामदैवत नागेश्वर महाराज. 1997 सालीं आसपासच्या दुसऱ्या गांवांबरोबर मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आली, आणि पुढल्या पंचवीस वर्षांत जेथें ज्वारी उभी राहत असे तेथें बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतींत पांचव्या मजल्यावर आम्ही व सातव्या मजल्यावर आमचे धाकटे बंधु, असा आमचा संसार आहे.

2024 सालच्या 31 ऑक्टोबर ह्या तारखेस नरकचतुर्दशी होती. पहांटे अभ्यंगस्नान झालें, दारांत कारीट फोडलें, नरकासुराचा वध यथासांग उरकला. सायंकाळीं दिवे लावून आम्ही बसलों आहों तोंच दाराची घंटा वाजली. उघडून पाहतों तों सहा-सात भुतें उभीं! कोणी काळा झगा व टोंकदार टोपी घालून चेटकीण झालेली. कोणाच्या कपड्यांवर हाडांचा सांपळा छापलेला. एकाच्या मस्तकांत तर प्लास्टिकची कुऱ्हाड रुतलेली असून तो अत्यंत प्रसन्न मुद्रेनें हंसत होता. सर्वांच्या हातांत पिशव्या. सर्वांत पुढें जें भूत होतें त्यानें पांढरी चादर डोक्यावरून घेतली होती व डोळ्यांच्या जागीं दोन भोंकें पाडलेलीं होतीं. पायांतल्या चपलांवरून आम्हीं तें ओळखलें. आमच्या बंधूंची नऊ वर्षांची कन्या.

आम्हीं गांभीर्यानें विचारलें, “आपण कोणाचें भूत?”

चादरींतून उत्तर आलें, “कोणाचें म्हणजे? नुसतें भूत, मोठेकाका. चॉकलेट द्या ना.”

आमच्या घरीं चकल्या होत्या, करंज्या होत्या, चॉकलेट नव्हतें. भुतांनीं करंज्या कांहींशा नाइलाजानें पिशव्यांत टाकल्या व तीं वरच्या मजल्यावर गेलीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं असें लिहिल्यास तें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ‘नुसतें भूत’ हे दोन शब्द मात्र आमच्या डोक्यांतून जाईनात.

कारण हा सण मूळचा नुसत्या भुतांचा नव्हे. नवव्या शतकांत पोप चवथा ग्रेगरी ह्यानें सर्व संतांचा उत्सव 1 नोव्हेंबर रोजीं पाळण्याची प्रथा पश्चिम यूरोपांत पसरविली. त्याच्या आदल्या सायंकाळचें जें इंग्रजी नांव, तें स्कॉच लोकांच्या बोलण्यांत आंखडून ‘हॅलोवीन’ झालें. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनीच्या मठाधिपति ओडिलोनें 2 नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतात्म्यांसाठीं प्रार्थना करण्याकडे लावून दिला. त्याच्याहि मागें केल्ट लोकांचा ‘सावन’ नांवाचा सण होता व तो मृतांचाच होता, असें फ्रेझरसाहेबांनीं आपल्या 1890 सालीं प्रथम निघालेल्या विख्यात ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांतून मांडलें आणि आमच्या पिढीनें तें कॉलेजांत वेदवाक्य म्हणून पाठ केलें. रॉनल्ड हटन ह्या इतिहासकारानें 1996 सालच्या आपल्या पुस्तकांत ह्या मतास पुरेसा पुरावा नाहीं असें दाखविलें आहे, व आम्हांस तें पटतें. ज्याचा उगम सांपडत नाहीं त्यास ‘अतिप्राचीन’ म्हणून मोकळें होण्याची खोड इंग्रजांसहि आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु मध्ययुगांतला पुरावा भक्कम आहे, आणि तोच आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा. इंग्लंडांत ह्या दिवसांत गोरगरीब व मुलें घरोघर जात, प्रत्येक घरच्या मृतांसाठीं प्रार्थना म्हणत, आणि घरचीं माणसें त्यांच्या हातांवर लहानशी गोड पोळी ठेवीत. ती पोळी भिक्षा नव्हती, मोबदला होता. पुढें सोळाव्या शतकांत धर्मसुधारणा झाली, मृतांसाठीं प्रार्थना करणें हें नव्या पंथानें निषिद्ध ठरविलें. प्रार्थना गेली, पोळी राहिली! स्कॉटलंड व आयर्लंड येथें मुलें तोंडें रंगवून, मुखवटे घालून, गाणीं म्हणत दारोदार हिंडत राहिलीं. रॉबर्ट बर्न्सनें 1785 च्या सुमारास ह्या रात्रीवर लिहिलेली दीर्घ कविता आम्हांस शिकवितांना आमचे एक गुरुजी म्हणाले होते, कीं ही त्यांची हरतालिका आहे. वर्गांत हंशा पिकला. पण त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. त्या कवितेंतल्या मुली कोबीचीं रोपटीं उपटून व कवचीचीं फळें जाळून भावी नवरा कसा मिळेल ह्याचाच शोध घेत असतात, आणि मेलेल्या माणसांची तेथें फारशी वर्दळ नाहीं.

1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळांत लक्षावधि आयरिश लोक अमेरिकेस गेले व सण त्यांच्याबरोबर गेला. सलगम पोखरून त्यांत दिवा ठेवण्याची चाल होती. अमेरिकेंत भोपळा मुबलक, सबब सलगमाचा भोपळा झाला. ‘खाऊ द्या, नाहीं तर खोडी काढूं’ ह्या अर्थाची जी आरोळी आज सर्वत्र ऐकूं येते ती 1920 च्या आगेंमागें कॅनडांतील वर्तमानपत्रांतून दिसूं लागते. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत साखरेवर नियंत्रण आलें तेव्हां ही चाल मंदावली. नियंत्रण उठतांच मिठाईच्या कारखानदारांनीं ती असा कांहीं जोर लावून उचलून धरली, कीं पुढें ती मंदावली नाहीं. येणेंप्रमाणें एकेका मुक्कामावर एकेक गोष्ट गळत गेली. आधीं प्रार्थना, मग गाणें, मग घरच्या मृतांचीं नांवें. मोशीच्या पांचव्या मजल्यावर पोंचलें तें भूत आणि पिशवी.

ह्यावर आमच्या कांहीं शेजाऱ्यांनीं ‘संस्कृति बुडाली’ असा सूर लावला. आम्हांस त्यांत सामील होतां आलें नाहीं. एक तर दारोदार फिरून खाऊ मागणें हें आमच्या मुलांस नवें नाहीं. आश्विनांत हादग्याच्या मुली घरोघर जाऊन फेर धरतात, गाणीं म्हणतात आणि खिरापत ओळखून ती खाल्ल्यावांचून हलत नाहींत. होळीच्या आधीं पोरें लांकडें-गोवऱ्या मागत हिंडतात, व न दिल्यास त्या चोरून नेण्याचा त्यांचा हक्क गांवानें मान्य केलेला असतो. कॅनडांतली ती आरोळी ह्याहून निराळें काय सांगते? दुसरें असें, कीं भुतांनीं ज्या दिवशीं आमची घंटा वाजविली तो दिवस आमच्या शास्त्रांतहि मृतांचाच आहे. नरकचतुर्दशीस स्नानानंतर यमतर्पण सांगितलें आहे. सूर्य तुळा राशीस असतां चतुर्दशी-अमावास्येच्या सायंकाळीं हातांत पेटत्या चुडी घेऊन पितरांस परतीची वाट दाखवावी, असा उल्कादानाचा विधि निबंधकारांनीं दिला आहे. पितृपक्षांत आलेले पितर दिवाळीच्या उजेडांत परत जातात, ही त्यामागची समजूत. त्या दिवशीं आमच्या दारीं आकाशकंदील होता, तर्पण झालें नव्हतें आणि चुडीची आठवणहि कोणास नव्हती. प्रार्थना गेली, पोळी राहिली, हें वाक्य आम्हीं वर इंग्रजांस उद्देशून लिहिलें आहे. तें लिहितांना लेखणी किंचित् अडखळली हें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं.

आतां आमच्या घरच्या सोंगांकडे वळूं. आमचें मूळ घर नाशकास, गोदावरीपासून हांकेच्या अंतरावर होतें. नाशकांत धूलिवंदनाच्या दिवशीं वीर काढण्याची चाल आहे. ज्या घरांत कोणी पुरुष लढाईंत पडला, किंवा अपघातानें, अकालीं, इच्छा अपुऱ्या राहून गेला, त्या घरीं त्याचा टाक करून देव्हाऱ्यांत ठेवतात. टाक म्हणजे चांदीचा किंवा पितळेचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठविलेली आकृति. बहुधा घोड्यावरचा स्वार. वर्षांतून एक दिवस हा टाक खोबऱ्याच्या वाटींत ठेवून, फडक्यांत बांधून, वाजतगाजत नाचवीत रामकुंडावर नेतात, त्यास गोदेचें स्नान घालतात व परत आणतात. बरोबर घरांतलीं लहान मुलें देवांचीं व वीरांचीं सोंगें घेऊन चालतात. सर्वांत मान दाजीबा वीराचा. हा गवळी होता, अंगास लग्नाची हळद लागलेली असतां मारला गेला, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्याचें सोंग घेणारा बाशिंग बांधून निघतो, त्यास बाशिंगे वीर म्हणतात, आणि ज्यांचीं लग्नें जमत नाहींत ते त्यास नवस बोलतात. ही मिरवणूक तीनशें वर्षांची आहे असें नाशिककर सांगतात. सावनच्या बाबतींत जो न्याय आम्हीं फ्रेझरसाहेबांस लावला तोच येथेंहि लावला पाहिजे. परंतु अकालीं मेलेल्या शूरास घरच्या किंवा गांवच्या देवांत जागा देण्याची रीत तीनशें वर्षांहून पुष्कळच जुनी आहे, ह्यास मात्र दगडी साक्ष आहे. पुणें जिल्ह्यांतील कित्येक जुन्या देवळांच्या आवारांत वीरगळ उभे आहेत: खालच्या चौकटींत लढाई, मधल्या चौकटींत अप्सरा त्यास उचलून नेत आहेत, वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें हात जोडून बसला आहे. जें राजास किंवा गांवास दगडांत करतां आलें तें सामान्य गृहस्थानें दोन बोटें रुंदीच्या पत्र्यांत केलें, आणि ज्यास तेंहि पुरेसें वाटलें नाहीं त्यानें आपल्या मुलास उभें केलें.

म्हणजे ह्या चालींत सोंग हें मुलाच्या हौसेखातर नसे. तें कोणाच्या तरी नांवानें घेतलेलें असे. मोखाडा-जव्हारकडील बोहाड्यांतहि अमुक देवाचें सोंग अमुक घराण्यानें नाचवावयाचें, असा हक्क असतो. मुखवटा घराचा, चेहरा दरसालचा निराळा. आमच्या घरचा वीर म्हणजे आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं गोदेच्या पुरांत वाहून गेला. लढाई नव्हती, तलवार नव्हती. तरी टाकावर स्वारच आहे, कारण सोनाराकडे ठसा तोच होता.

आजोबा लहानपणीं त्याच्यापुढें खंडोबा होऊन चालले. भंडाऱ्यानें माखलेलें कपाळ आणि वेळूचा घोडा, एवढ्यावर भागत असे. वडिलांच्या वेळीं हौस वाढली. त्यांचें कृष्णाच्या सोंगांतलें एक छायाचित्र आमच्यापाशीं आहे: डोक्यावर मोरपीस, हातांत बांसरी, कमरेला आईचा शालू आणि पायांत कॅनव्हासचे बूट, कारण फाल्गुनांतल्या दुपारीं रस्ता तापतो व गोकुळांत डांबर नव्हतें. आम्ही स्वतः 1976 सालीं शिवाजीमहाराज झालों. काळ्या लोंकरीची दाढी डिंकानें चिकटविली होती. ती इतकी खाजे कीं रामकुंडावर टाकास स्नान घालतांना आम्हींहि तोंड बुडविलें आणि दाढी प्रवाहाबरोबर गेली. आजोबा म्हणाले, “महाराज, आतां आपण पुन्हां जिजाऊंच्या मांडीवर बसा.” 1984 च्या एप्रिलांत राकेश शर्मा अंतराळांत जाऊन आले, आणि पुढल्या होळीस आमच्या बंधूंनीं हट्ट धरला कीं आपण अंतराळवीरच होणार. पुठ्ठ्याचें शिरस्त्राण, त्यावर चकचकीत चांदीचा कागद, पाठीवर दोन डबे. आजीस हें मुळींच रुचलें नाहीं. वीरापुढें देव चालावा, हा कोण? आजोबांनीं क्षणभर विचार करून निवाडा दिला, “अंतराळवीर म्हणतात ना त्याला? मग वीरच आहे. चालूं द्या.” इतिहासाच्या अध्यापनांत पुढें परंपरा आणि परिवर्तन ह्या विषयावर आम्हीं पुष्कळ वाचलें, परंतु ह्याहून सोपी युक्ति आमच्या वाचनांत आली नाहीं.

ह्या निवाड्यास एक मर्यादा होती. आमची बहीण आम्हां दोघांच्या मधली. तिला झांशीची राणी व्हावयाचें होतें. मुलीनें वीरापुढें सोंग घ्यावयाचें नाहीं, असें तिला सांगण्यांत आलें. कोणी रागावून नव्हे, अगदीं सहज, जसें पाऊस आहे असें सांगावें तसें. ती एक दिवस रडली. नंतर ती दरवर्षीं आजीपाशीं बसून आमचीं सोंगें शिवूं लागली. अंतराळवीराचा पोशाख तिच्या हातचा. तेव्हां ती तेरा वर्षांची होती. आम्हांस त्या वेळीं ह्यांत कांहीं खटकलें असें म्हणवत नाहीं. आम्ही दाढीच्या चिंतेंत होतों.

पुढें आजी-आजोबा गेले, वाडा गेला, आम्ही भाऊ नोकरीनिमित्त पुण्याकडे आलों. वडील थकेपर्यंत एकटे टाक घेऊन रामकुंडावर जात. त्यांच्या मागें 2009 पासून टाक एका डब्यांत राहिला, व डबा आमच्या कपाटांत.

त्या चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो डबा काढला. पुतणी समोर बसली होती. तिला सगळी हकीकत सांगितली, टाक हातांत दिला. तिनें उलटसुलट करून पाहिला व आदल्या दिवशींचा आमचाच प्रश्न आम्हांस केला, “ह्यांचें नांव काय?”

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. घरांत त्यास सर्व ‘वीरबाबा’ म्हणत. नांवाची कधीं गरज पडली नव्हती. बंधूंस विचारलें, त्यांसहि ठाऊक नव्हतें. पेशवाईंतल्या कारकुनांचीं नांवें मुखोद्गत असलेल्या इतिहासाच्या अध्यापकाच्या घरीं, ज्याच्यापुढें तीन पिढ्या नाचल्या, त्याचें नांव कोणास सांगतां येईना. म्हणजे आमचें सोंगहि, मुलीच्या भाषेंत, नुसत्या वीराचेंच होतें. आणि अमेरिकेच्या वाटेवर जें गळालें तें आमच्या घरांत जागच्या जागीं गळालें होतें.

बहीण नाशिकरोडला असते. तिला दूरध्वनि केला. ती म्हणाली, “विठू. विठोबा नांव, पण विठूच म्हणत. वासरूं वाहून चाललें होतें त्याच्यामागें गेला. पोहतां येत नव्हतं त्याला.” आम्हीं विचारलें, तुला हें कोणीं सांगितलें? “आजीनं. शिवायला बसलं कीं सांगायची. तुम्ही दोघं बाहेर खेळत असायचां.” थोडें थांबून ती म्हणाली, “वासरूं निघालं होतं बाहेर. खालच्या वळणावर.”

2025 सालीं 14 मार्चास धूलिवंदन होतें. आम्ही सर्व पहांटेसच मोशीहून निघालों, तरी चाकणच्या चौकांत तासभर अडकलों. पोशाख बहिणीनें शिवून ठेवला होता: गुडघ्यापर्यंत धोतर, बाराबंदी, डोक्याला मुंडासें; आणि पुठ्ठ्याचें एक वासरूं, त्याच्या गळ्यांत खरी घुंगुरमाळ. चालतांना पुतणीनें तें बगलेंत मारलें होतें. आतांशा तेथें कृष्ण, मारुति, खंडोबा ह्यांच्यांत मुलीहि सोंगें घेतलेल्या दिसतात, त्यामुळें तिच्याकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं; वासराकडे मात्र पाहत. एका म्हाताऱ्या बाईंनीं विचारलें, “कोणाचं सोंग गं बाई हें?” तिनें नांव सांगितलें. बाईंनीं असा कोणी देव आठवून पाहिला, मग मान हलविली.

टाक बहिणीनें धरला होता. तो नाचवीत न्यावयाचा असतो. तिला संकोच वाटला, म्हणून ती नुसती चालली, आणि हलगीवाल्याजवळून जातांना दोन पावलें टाकलीं. स्नान झालें. नारळ वाढविला, खोबरें वाटलें. पुतणीनें आपला तुकडा हातावर घेऊन पाहिला व चतुर्दशीची पिशवी आठवून विचारलें, “एवढंच?”

बहिणीनें तिला आपलाहि तुकडा दिला.